१ फॅरडचा कार ऑडिओ कॅपॅसिटर: व्होल्टमीटर कामाचा, कॅपॅसिटर ठीकठाक

निकाल आधीच सांगून टाकतो, ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच परत फिरावं. पाचपैकी अडीच स्टार, आणि त्यातला दीड स्टार नुसता वरच्या निळ्या डिस्प्लेचा. वस्तू, म्हणजे गाडीच्या अँपशेजारी थोडी वीज साठवून ठेवणारा हा कॅपॅसिटर (पुढे नुसतं कॅप म्हणतो), अगदीच टाकाऊ नाहीये, पण लेबलवर लिहिलंय तेवढी ती नाही, आणि मुख्य म्हणजे लोक ज्या कारणासाठी ही घेतात, म्हणजे दिवे डिम होतात, बेस वाजला की अँप (अ‍ॅम्प्लिफायर) बंद पडतो वगैरे, ते बहुतेक वेळा कॅपॅसिटरच्या हातात नसतंच. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एका पीसवरून कोणाला झोडपणं बरोबर नाही, शिवाय या टाइपची नळकांडी वेगवेगळ्या स्टिकरखाली इतकी सारखी दिसतात की नाव वाचून तुम्हाला फार उपयोग पण होणार नाही. कशी तपासायची ते कळलं तर होईल, म्हणून तेच जास्त लिहितोय.

डब्यात काय येतं: मनगटापेक्षा जाड, वीतभर लांब क्रोम नळकांडं, वर प्लस-मायनस टर्मिनल, त्या टर्मिनलवरच बसवलेला डिस्प्लेचा बोर्ड, दोन ब्रॅकेट, अ‍ॅलन की, एक बारीकसा रेझिस्टर आणि मुंगीच्या अक्षरातलं माहितीपत्रक. लेबलवर १ फॅरड, २० व्होल्ट, सर्ज २४ व्होल्ट. व्होल्टेजची काळजी नको, चालू गाडीत अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवतो तो) साधारण १३.८ ते १४.४ देतो, काही गाड्यांत त्याच्या थोडं वर, म्हणजे २० भरपूर झाले. दिसायला मस्त आहे हे मान्य. डिकीत बसवला आणि रात्री निळे आकडे चमकले की कोणीही विचारतं हे काय आहे म्हणून.

माझ्या गाडीत तक्रारी दोन होत्या आणि त्या वेगवेगळ्या होत्या हे नीट लक्षात घ्या, कारण सगळा घोळ इथेच होतो. एक, सिग्नलला इंजिन आयडलवर असताना बेसच्या ठोक्याबरोबर हेडलाइट लुकलुकायचे. दोन, आवाज वाढवून बेसचं गाणं लावलं की थोड्या वेळाने अँपचा लाल दिवा लागून वूफर बंद, मग परत चालू, परत बंद. सेटअप फार मोठा नाही, सलग ५०० वॅट (आरएमएस) देणारा मोनो क्लास डी अँप आणि एक वूफर, म्हणजे बेसचा स्पीकर. फिटिंगवाले दादा कॅप लावून आवाज टेस्ट करून म्हणाले, "साहेब, एक फॅरडने काय होतंय, दोनचा टाका, सगळं गप बसेल." म्हटलं दादा, आधी मीटर लावून बघू, मग दोनचं बघू. ते हसले, पण मीटर काढून दिला.

मीटर लावायच्या आधी जरा हिशोब, कंटाळा करू नका, सोपा आहे. १ फॅरड म्हणजे १ कुलंब चार्ज काढला की १ व्होल्ट पडणार. १०० अँपिअर १० मिलिसेकंद ओढले की झाला १ कुलंब. माझा अँप जोरात ४० अँपिअरच्या आसपास घेतो, म्हणजे एकट्या कॅपवर चालवला तर २५ मिलिसेकंदांत एक व्होल्ट खाली. ५० हर्ट्झच्या बेसची एक आख्खी लाट २० मिलिसेकंदांची असते, म्हणजे कॅपची धाव एका लाटेपुरती, सव्वा लाटेपुरती म्हणा. ऊर्जेत बघायचं तर १४.४ व्होल्टला भरलेल्या १ फॅरडमध्ये साधारण १०४ ज्यूल असतात, त्यातले १४.४ वरून १२ पर्यंत येताना जेमतेम ३२ हाताला लागतात, आणि ६०० वॅट ओढणारा अँप ते एका सेकंदाच्या विसाव्या भागात संपवतो. कॅप स्वतः कमवत नाही, उसनं देतो, आणि दिलेलं लगेच अल्टरनेटरकडून वसूल पण करतो. त्यामुळे ज्या गाडीत अल्टरनेटरचाच हात तंग आहे तिथे उसनवारीने महिना निघत नाही. एकेका लाटेच्या टोकाला जो खड्डा पडतो तो जरा बुजवणे एवढंच याचं खरं काम, आणि ते काम वाईट नाहीये, फक्त ते जाहिरातीत लिहिलेलं काम नाहीये.

आता या वस्तूबद्दलची माझी पहिली तक्रार, सोबत आलेला रेझिस्टर. कॅप रिकामा असताना थेट बॅटरीला जोडला की मोठा स्पार्क पडतो, टर्मिनल जळतं, फ्यूज उडतो, म्हणून पहिल्यांदा रेझिस्टरमधून हळू भरायचा असतो, इथपर्यंत पत्रकात बरोबर लिहिलंय. पण दिलेला रेझिस्टर ३० ओहमचा आणि आकाराने फार तर अर्ध्या वॅटचा. १२.६ व्होल्टला पहिल्या क्षणी त्यात ५ वॅटच्या वर उष्णता होते. दोन बोटांत धरून बसायला सांगितलंय त्यात, मी धरला नाही, क्लिपने लावला, आणि वास लगेच आला. त्यापेक्षा इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावा. बल्ब आधी झगझगीत पेटतो आणि कॅप भरत जाईल तसा मंद होत विझतो. आणि तपासणी फुकट होते: बल्ब पेटलेलाच राहिला, मंद होईचना, तर कॅप आतून शॉर्ट आहे किंवा तुम्ही उलटा जोडलाय. तसं दिसलं की लगेच काढा. उलट्या पोलॅरिटीत हे इलेक्ट्रोलायटिक कॅप तापतात, आत गॅस होतो आणि व्हेंट फुटून आतला माल बाहेर येतो. हातात अंगठी, कडं असेल तर काम करताना काढून ठेवा, १२ व्होल्टचा शॉक बसत नाही पण मधे धातू आला तर भाजतं जबरदस्त.

मग मुख्य प्रकरण. कॅप बसवला, गाणं लावलं, आणि अँप परत लाल. पण या वेळी वर डिस्प्ले होता आणि त्यावर ११.६ दिसत होतं. मल्टिमीटरने कॅपच्याच टर्मिनलवर मोजलं तर ११.३, म्हणजे डिस्प्ले ०.३ जास्त दाखवतो, ठीक आहे, तेवढं डोक्यात वजा करायचं. इंजिन थोडं रेस ठेवून पुढे बॅटरीवर मोजलं तर १३.६. इथे माझे कान उभे राहिले. बॅटरीला १३.६ आणि डिकीत ११.३, मधले सव्वादोन व्होल्ट गेले कुठे? आणि हे सरासरी ११.३ बरं का, ठोक्याच्या टोकाला अजून खाली जात असणार, बरेच अँप ९-१० च्या आसपास लो व्होल्टेज म्हणून स्वतःला बंद करतात. म्हणजे अँप शहाणा होता, त्याला जेवायलाच मिळत नव्हतं.

हे शोधायची पद्धत सगळ्यांनी शिकून ठेवा, एकही पार्ट न बदलता फॉल्ट सापडतो. मोबाइलवरून ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावायचा म्हणजे करंट स्थिर राहतो, गाण्यावर आकडे नुसते नाचतात. माझ्याकडे क्लॅम्प मीटरवर ४० अँपिअर आले. टोन वीस-तीस सेकंदांच्या वर एका दमात वाजवू नका, वूफरची कॉइल तापते. मग मल्टिमीटर डीसी २ व्होल्ट रेंजवर ठेवून एकाच लाइनच्या दोन टोकांवर प्रोब लावायचे, बॅटरीच्या प्लसवर एक आणि त्याच प्लस लाइनवर पुढे एक. वायर चांगली असेल तर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो, जेवढा आकडा दिसेल तेवढे व्होल्ट त्या तुकड्यात खाल्ले जातायत. बॉनेटपासून डिकीपर्यंत प्रोब पोचत नाही, तर कुठलीही बारीक वायर जोडून लांब करा, मीटरच्या वायरमधून करंट जवळपास जातच नाही त्यामुळे जाडी लागत नाही. आणि टोन चालू असतानाच मोजायचं, बंद असताना सगळं गुळगुळीत शून्य दिसतं, म्हणून तर गॅरेजमध्ये "सगळं ओके आहे" असं उत्तर मिळतं.

तुकडे पाडले. फ्यूज होल्डरच्या आत-बाहेर १.० व्होल्ट. होल्डरपासून डिकीपर्यंतच्या वायरवर ०.६५. कॅपच्या टर्मिनलवर ०.१. अँपच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.५. बेरीज करा, २.२५, आले की नाही बरोबर. सगळ्यात मोठा चोर फ्यूज होल्डर. १ व्होल्ट आणि ४० अँपिअर म्हणजे ४० वॅट उष्णता, ती पण एवढ्याशा पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत. उघडली तर आतलं प्लास्टिक पिवळं पडून एका बाजूला लोळलेलं, काचेच्या फ्यूजच्या टोपीखालचं सोल्डर करपून तपकिरी, आणि क्लिप इतकी ढिली की फ्यूज बोटाने गरगर फिरत होता. फ्यूज उडालेला नव्हता, मीटरच्या कंटिन्युइटीला (वायर तुटलीय का ते बघायची सोय) टूँ पण वाजत होता! कंटिन्युइटीचा टूँ म्हणजे मीटरने मिलिअँपिअरभर करंट सोडून बघितलेला असतो, ४० अँपिअर तिथून जातील का याचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे वाक्य मला फिटिंगच्या प्रत्येक दुकानात लावावंसं वाटतं.

होल्डर बदलून बोल्टने आवळायचा चपट्या फ्यूजचा टाकला. वायर ही किटसोबत आलेली ८ गेजची अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली होती, एक तार खरवडली की आत पांढरं दिसतं ती. तसल्या वायरचा रेझिस्टन्स त्याच जाडीच्या शुद्ध तांब्याच्या दीडपट-पावणेदोनपट असतो, त्यामुळे ती पण गेली आणि ४ गेजची (आकडा लहान तेवढी वायर जाड) तांब्याची आली. डिकीतलं अर्थिंग रंगावरच आवळलेलं होतं, वायरच्या टोकाच्या थिंबलखाली रंगाचा गोल शाबूत! पॉलिश पेपरने पत्रा चमकेपर्यंत घासला, दातेरी वॉशर टाकून बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं म्हणजे गंज नको. सीटबेल्टच्या बोल्टला अर्थ लावायची सोय बघून मोह होतो, तो करू नका, तो बोल्ट माणसाला धरून ठेवायला आहे. परत तोच टोन, तेच ४० अँपिअर, आणि बॅटरी ते अँप सगळं मिळून ०.३ व्होल्ट. अँपवर १३.३. लाल दिवा गेला तो गेलाच. आणि कॅप? तो या सगळ्यात फक्त आकडा दाखवत बसला होता. डिस्प्लेला दीड स्टार दिला तो त्या ११.६ साठी.

यानंतर कॅप काढून आणि लावून फरक बघितला. डिस्प्लेवर यातलं काही कळत नाही हे आधीच सांगतो, तो सेकंदाला फार तर दोनदा आकडा बदलतो आणि सरासरी दाखवतो, १०-२० मिलिसेकंदांचा खड्डा त्याच्या गावीही नसतो. ज्या मल्टिमीटरला पीक पकडायची सोय आहे त्यावर गाणं वाजवून सगळ्यात खालचा आकडा पकडला: कॅपशिवाय १२.५, कॅपसकट १२.८. म्हणजे काम करतो. कानाला फरक? डोळे मिटून ओळखता आला नाही मला. ज्याला येतो त्याचं अभिनंदन.

आता दिव्यांचं. हे वेगळं प्रकरण आहे असं म्हटलं ते यासाठी की हेडलाइट बॅटरीच्या बाजूला पुढे असतात, त्यामुळे डिकीपर्यंतच्या वायरमध्ये कितीही व्होल्ट पडले तरी त्याने दिवे डिम होत नाहीत. दिवे डिम होतायत म्हणजे खुद्द बॅटरीवरचं व्होल्टेज हलतंय. तिथे बघायचं ते अल्टरनेटरचा प्लस ते बॅटरी प्लस, इंजिन ब्लॉक ते बॉडी, आणि बॅटरी मायनस ते बॉडी, या तीन जाड केबल, आणि बॅटरीची टर्मिनलं. त्याच पद्धतीने मोजलं तर अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरी मायनसपर्यंत ०.३५ व्होल्ट निघाले. इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थची पट्टी हिरवी पडलेली. ती साफ करून बाजूने अजून एक केबल टाकली, तर लुकलुकणं बरंच कमी झालं, पूर्ण गेलं नाही. पूर्ण जाणार पण नाही, कारण आयडलला अल्टरनेटर हळू फिरतो, तेव्हा तो पूर्ण करंट देऊच शकत नाही, मग व्होल्टेज १४ वरून बॅटरीच्या स्वतःच्या १२.६ कडे घसरतं आणि बल्बला ते दिसतं. एसी, फॅन, दिवे सगळं चालू असेल तर अजूनच. त्याला इलाज म्हणजे मोठा अल्टरनेटर किंवा सिग्नलला आवाज कमी करणे. दुसरा इलाज मला परवडतो.

खरंच १ फॅरड आहे का, हा सगळ्यांचा आवडता प्रश्न. साध्या मल्टिमीटरच्या कॅपॅसिटन्स रेंजमध्ये एवढं मोठं मोजता येत नाही, पण घड्याळाने येतं. १० वॅटचा ३३ ओहमचा पांढरा सिमेंट रेझिस्टर घ्या, रिकामा कॅप त्यातून १२.६ च्या बॅटरीवर लावा आणि कॅपवरचं व्होल्टेज बघत बसा. ६३ टक्के म्हणजे ७.९ ला थोडं वर पोचायला जेवढे सेकंद लागले ते भागिले ३३, आले फॅरड. १ फॅरडला ३३ सेकंद लागले पाहिजेत. यासाठी बल्ब चालत नाही, तो तापला की त्याचा रेझिस्टन्स बदलतो. आणि वरचा डिस्प्ले बोर्ड आधी स्क्रू काढून बाजूला करा, तो मधेच करंट खातो आणि गणित बिघडवतो. माझा पीस २३ सेकंदांत पोचला, म्हणजे ०.७ फॅरड. इलेक्ट्रोलायटिकमध्ये २० टक्के इकडे-तिकडे चालतं असं धरलं तर ०.८ ला मी काही बोललो नसतो. ०.७ ला बोलतो, अर्धा स्टार कापला. नुसते फॅरडच नाही, आतला रेझिस्टन्स पण महत्त्वाचा, कारण आतच ५ मिलिओहम असतील तर ५० अँपिअरला पाव व्होल्ट तिथेच गेला आणि मग शेजारी बॅटरी आहेच की, कॅप कशाला. दहा-दहा फॅरड लिहिलेल्या स्वस्त डब्यांची गोम बहुतेक वेळा इथे असते, आकडा मोठा आणि आतला रेझिस्टन्स पण मोठा.

याच जोडणीत गळती पण कळते, आणि ही युक्ती मला जाम आवडते. रेझिस्टर काढू नका, कॅप तसाच काही तास भरत ठेवा, आणि मग रेझिस्टरच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजा, भागिले ३३, आला गळतीचा करंट मिलिअँपिअरमध्ये. मल्टिमीटर अँपिअर रेंजला लावून रिकाम्या कॅपच्या सिरीजमध्ये घालायचा शहाणपणा करू नका, मीटरचा फ्यूज तत्क्षणी जातो. माझ्याकडे ६६ मिलिव्होल्ट आले, म्हणजे २ मिलिअँपिअर, इथे कॅपला पूर्ण मार्क. आकडा कमी न होता मोठाच राहिला, किंवा कॅप हाताला कोमट लागायला लागला, वरची चकती फुगलेली दिसली, किंवा टर्मिनलपाशी उग्र वासाचं चिकट काही दिसलं तर तो कॅप संपला, पुढे टेस्ट करत बसू नका.

पण डिस्प्ले बोर्ड परत लावून हेच मोजलं आणि डोकं फिरलं. डिस्प्ले चालू असताना रेझिस्टरवर २.६ व्होल्ट, म्हणजे ७९ मिलिअँपिअर, तो चालू आहे तोवर ठीक. रिमोट वायर (बोर्डला चालू-बंदचा इशारा देणारी) काढली, आकडे विझले, आता बोर्ड झोपला पाहिजे, तर रेझिस्टरवर अजून १.२५ व्होल्ट, म्हणजे ३८ मिलिअँपिअर चालूच! दिवसाला जवळपास ०.९ अँपिअर-अवर. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असेल तर पावणेतीन आठवडे गाडी उभी राहिली की अर्धी गेली, शिवाय गाडीचं स्वतःचं घड्याळ, लॉक, कॉम्प्युटर हे सगळं वेगळं खातच असतं. लोक म्हणतात ना कॅप लावल्यापासून सकाळी गाडी स्टार्ट होत नाही, त्यात बऱ्याचदा नळकांड्याचा दोष नसतो, डोक्यावरच्या बोर्डाचा असतो. विकणाऱ्याला विचारलं तर उत्तर आलं की आकडे बंद होतायत म्हणजे बोर्ड व्यवस्थित आहे. मिलिव्होल्टचा फोटो पाठवला, त्यावर काही उत्तर नाही. हा दुसरा कापलेला स्टार, आणि तो मी रागाने कापलाय.

टर्मिनलबद्दल थोडं. केबल आत घालून वरून अ‍ॅलनचा स्क्रू आवळायचा अशी रचना आहे. स्क्रू मऊ धातूचा, जोर लावला की खाचा गोल होतात. केबलच्या सुट्या तारा तशाच घातल्या तर दाबून पसरतात आणि उन्हाने तापून-गार होऊन ढिल्या पडतात, तो ०.१ व्होल्ट तिथलाच होता. तांब्याची नळी क्रिंप करून मग घातली तर बरंच सुधारलं. कॅप ते अँप केबल जमेल तितकी आखूड ठेवा, अर्ध्या मीटरच्या आत, नाहीतर आधीच इवलंसं काम करणाऱ्याला अजून लांब उभं केल्यासारखं होतं. आणि वूफरच्या बॉक्सवर स्क्रू मारून बसवू नका, थरथरून बोर्डाचे टाके सुटतात.

एक गैरसमज राहिलाच. स्पीकरमधून इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शिट्टी येते तिला कॅप लावतात. बहुतेक वेळा ती शिट्टी अर्थ लूपमधून येते, प्लेअर आणि अँप यांचे अर्थ वेगवेगळ्या ठिकाणी आणि मधे आरसीए वायर (प्लेअरकडून अँपकडे आवाजाचा सिग्नल नेणारी). आरसीए अँपच्या बाजूने काढून बघा, शिट्टी गेली तर ती सिग्नलच्या वाटेने येत होती, मग कॅपचा काय संबंध. राहिली तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर एसी व्होल्ट मोजा, अर्धा व्होल्ट वगैरे दिसला तर अल्टरनेटरचा डायोड गेलाय का ते दाखवून घ्या. आणि ट्वीटरच्या वायरवर असतो तो छोटा कॅपॅसिटर वेगळाच, त्याचं काम बेस अडवायचं. ४ ओहमच्या ट्वीटरला ४.७ मायक्रोफॅरड लावला की साधारण साडेआठ हजार हर्ट्झच्या खालचं कमी होत जातं. एका बाजूचा ट्वीटर मंद झाला तर तो बदलून बघा, फक्त बायपोलर किंवा फिल्मचा घ्या, प्लस-मायनसवाला तिथे चालत नाही.

मग घ्यावा का? अर्थिंग, केबल, फ्यूज होल्डर मोजून चोख आहेत, अल्टरनेटर पुरतोय, आणि तरीही ठोक्याचे खड्डे थोडे कमी हवेत, तर घ्या, चांगला १ फॅरडचा, डिस्प्ले नसलेला मिळाला तर उत्तम. दिवे डिम होतात म्हणून घेत असाल तर तेच पैसे तीन जाड केबलवर घाला. सुपरकॅपॅसिटरची बँक ही एकदम वेगळी जात आहे, २.७ व्होल्टचे ३००० फॅरडचे सहा सेल सिरीजमध्ये म्हणजे ५०० फॅरड, १६.२ व्होल्ट, ती खरोखर काही सेकंद टेकू देते, पण सेल सारखे भरायला बॅलन्सिंग बोर्ड लागतो आणि चुकून शॉर्ट झाली तर वेल्डिंगच. १ फॅरडच्या नळकांड्याशी तिची तुलना करून "कॅपने फरक पडतो" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

सध्या माझ्याकडे कॅप लावलेलाच आहे, बोर्ड काढून टाकलाय, आणि इग्निशनबरोबर बंद होणारा वेगळा छोटा व्होल्टमीटर डॅशबोर्डवर लावलाय, त्याची सेन्स वायर अँपच्या टर्मिनलवरून आणली, बारीक फ्यूज टाकून. कॅप कधी काढायचा झाला तर आधी बॅटरीपाशी फ्यूज काढा, मग तोच इंडिकेटरचा बल्ब कॅपच्या दोन टोकांवर धरा आणि पूर्ण विझेपर्यंत थांबा, स्क्रूड्रायव्हरने आडवा शॉर्ट मारू नका. विझल्यावर एकदा मीटरने बघा, थोड्या वेळाने एखादा व्होल्ट परत वर आलेला दिसतो, तेव्हा बल्ब परत एकदा लावायचा.